हळदीचा थर

चंदनाला मुलगी झाली तेव्हा त्या जन्माचा सगळ्यात मोठा लाभ माझ्या नवऱ्याला होणार होता. बापाचा नंबर त्याच्या खालचा. भरतेशरावांना नुसती मुलगी मिळाली. श्रेणिकला मात्र घरच्या घरी, हक्कानं, सकाळ-संध्याकाळ मोजता येईल असं नवजात बाळ मिळालं. इतकी वर्षं तो ज्या पीएच.डी.च्या मागे होता, तिची शेवटची अडचण नेमकी तीच होती. दवाखान्यातली बाळं एकदाच हाताला लागायची आणि आपापल्या घरी जायची.

"वहिनी, याला काहीतरी सांगा," चंदना खाटेवरून म्हणाली. प्रसूतिगृहातून माहेरी येऊन तिला तासही झाला नव्हता. "मामा आधी भाचीच्या अंगावर दागिना घालतात. हा वायर घालायला आलाय."

"दागिना बारशाला," श्रेणिक म्हणाला. त्याच्या हातात पेनाएवढी नळी होती, टोकाला बारीक निळा दिवा, आणि मागून निघालेली वायर टेबलावरच्या लॅपटॉपपर्यंत गेली होती. "नुसतं कपाळाला टेकवायचं. तिला कळणारसुद्धा नाही."

"तुला पेढा दिला, तो तरी खाल्लास का?"

"खाल्ला की."

खाल्ला नव्हता. संध्याकाळी पँट भिजत घालताना मला तो खिशात सापडला.

मी सांगलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात पुस्तपालन शिकवते. या विषयानं मला एक खोड लावली आहे. माणूस समोर आला की मी मनातल्या मनात त्याचं पान आखते, जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या. श्रेणिक मगदूमशी लग्न करताना तेवढं राहून गेलं. आम्ही एकमेकांना स्वतःच पसंत केलं होतं, त्यामुळे तक्रार करायलाही कुणी नव्हतं. सासूबाईंसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणायचे आणि खोलीचं दार लागलं की ‘श्रेणिक’.

त्याचं काम मला समजलं होतं ते असं. प्रकाश कातडीत शिरला की आत काय होतं, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो कॉम्प्युटरमध्ये एक खोटी कातडी रचायचा. वर पातळ थर, त्याखाली रक्ताचा, त्याखाली चरबीचा. मग वरून प्रकाशाचा एक कण सोडायचा. तो किती खोल जाईल, कुठे धडकून वळेल, कुठे शोषला जाऊन संपेल, हे दर वेळी फासा टाकल्यासारखा आकडा काढून ठरायचं. एक कण संपला की दुसरा. असे लाखो. शेवटी बघायचं, किती आत मेले आणि किती फिरून वर आले. बाळाला कावीळ जितकी जास्त, तितका निळा प्रकाश आतच मुरतो. म्हणजे टाचेत सुई न टोचता, नुसता दिवा टेकवून, कावीळ किती ते सांगता येईल. ‘बहुतेक बाळांना ती होते आणि आपसूक जाते, पण एखाद्याची चढत जाते, मेंदूत उतरते, आणि मग गेलेलं काही परत मिळत नाही.’ हे वाक्य तो प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला म्हणायचा. मला पाठ झालं होतं.

एकेका कातडीचं गणित दोन-दोन दिवस चालायचं आणि भारनियमनात वीज गेली की अर्ध्यात मरायचं. तेव्हा घरात सुतक असायचं. दर रविवारी निपाणीहून चंदनाचा फोन यायचा. "काय दादा, या आठवड्यात किती मारलेस?" ती विचारायची. मग तो तिला सगळं रडगाणं ऐकवायचा. भावाचे प्रकाशकण घटकाभर ऐकून घेणारी बहीण मी दुसरी पाहिली नाही. मी बायको असून पाच मिनिटांत भाजी चिरायला उठायचे.

त्या रडगाण्यात एक ध्रुवपद होतं, हळद. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीतलं बाळ म्हणजे तेल, डाळीचं पीठ आणि हळद. हळदही पिवळी, कावीळही पिवळी. दोघी निळा प्रकाश खातात. जे बाळ ठणठणीत, त्यालाही यंत्र आजारी म्हणायचं. आयांना विचारावं तर प्रत्येक आई सांगायची, "नाही हो, हळद नाही लावत." कारण दवाखान्यातल्या सिस्टर हळद आणि काजळ दिसलं की ओरडतात. कपाळाला बोट लावलं की बोट पिवळं, आणि आई म्हणतेय लावत नाही.

मग त्याला उपाय सापडला. त्यानं खोट्या कातडीच्या वर आणखी एक थर चढवला, हळदीचा. महिनाभर बाळांच्या कपाळावरची हळद मोजून त्यानं त्या थराची सरासरी जाडी काढली आणि तेवढा पिवळेपणा यंत्र आपणहून वजा करू लागलं. विचारायची भानगडच काढून टाकली. "बायका खोटं बोलतात," तो मला म्हणाला होता, "प्रकाश बोलत नाही."

"बायका घाबरतात," मी म्हटलं होतं.

"आकड्याला दोन्ही सारखंच."

त्याचे मार्गदर्शक गोसावी सर खूश झाले. बाहेरच्या लोकांची गणितं कातडीपासून सुरू होतात, आपल्याकडचं बाळ हळदीपासून सुरू होतं, हे वाक्य त्यांनी दिल्लीच्या परिषदेत स्वतःचं म्हणून वापरलं. श्रेणिकनं त्यांना ते आनंदानं वापरू दिलं.

तर असा हा मामा, निळा दिवा घेऊन खाटेशी उभा होता. बाळानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. लॅपटॉपवर आकडा आला, आठ.

"पास?" चंदनानं विचारलं.

"एकदम. पंधराच्या खाली काही काळजी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई आल्या. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हालेली. मोरीत पाटावर बसून त्यांनी पाय लांब केले, पोटऱ्यांवर बाळ पालथं घातलं आणि वाटीतलं पिवळं पीठ तेलात कालवून पाठीवर फिरवायला सुरुवात केली. सासूबाई दारात उभ्या राहून देखरेख करत होत्या.

"हळद घातलीस ना गं त्यात?"

हौसाबाईंनी एकदा आत खाटेकडं बघितलं आणि म्हणाल्या, "घातली की वो वैनी. हळदीबिगर कुठं आंगूळ असती व्हय?"

त्या बघण्याचा अर्थ मी माझ्या पद्धतीनं लावला. मला वाटलं, बारशाच्या लुगड्याचा अंदाज घेतायत.

दुपारी भरतेशराव निपाणीहून आले. त्यांचं खतांचं दुकान. माणूस इतका कमी बोलणारा की लग्नात होकार कुणी दिला, असा आम्हाला प्रश्न पडला होता. त्यांनी मुलीला खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"पिवळी दिसतीय," ते म्हणाले.

"हळद आहे ती, जावईबापू," सासूबाई हसल्या. "सकाळीच न्हाणं झालंय. दोन-तीन दिवस उतरत नाही."

"डोळं पण पिवळं वाटतायत."

"अहो, त्या पडद्याचा उजेड आहे." खिडकीला आंबा रंगाचा पडदा होता, हे खरं.

"मिरजेला जाऊन रक्त बघून येऊया की. तासाभराचं काम."

"आणि टाचेत सुई?" चंदना उठून बसली. "मग दादाचं मशीन कशाला आहे? दादा!"

श्रेणिक आला, दिवा टेकवला. अकरा. त्यानं लॅपटॉप भरतेशरावांकडे वळवला आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं, थर, कण, आत मेलेले आणि वर आलेले. ते मान हलवत राहिले. ऐकून घेणाऱ्याची मान आणि पटलेल्याची मान यांत फरक असतो, तो मला दिसत होता.

"पंधराच्या पुढे गेलं ना, तर मी स्वतः गाडी काढतो," श्रेणिक म्हणाला.

"तसं न्हाई," भरतेशराव म्हणाले, "सुई टोचली तर एक मिनिट रडंल. एवढंच."

"भाऊजी, पाच वर्षं मी हेच करतोय. कुठल्याही बाळाला विनाकारण टोचायला लागू नये म्हणून."

जावयाला सासुरवाडीत हट्ट करायचा तो जेवायच्या पानावर. बाळंतपण माहेरी, म्हणजे बाळही माहेरच्यांच्या ताब्यात. भरतेशराव फक्त त्या दिवशी निपाणीला परत गेले नाहीत. दुकान पहिल्यांदाच बंद राहिलं असेल.

त्यानंतरचा दिवस आमच्या घरातला फार सुखाचा होता, असं मला आठवतं. मुलगी झोपून होती. "गुणाची पोर," सासूबाई येईल त्याला सांगत होत्या, "रडतच नाही. आमच्या श्रेणिकनं घर डोक्यावर घेतलं होतं." अंगावर घेतलं की ती दोन घोट घ्यायची आणि मिटायची. चंदना तिचे तळवे चोळून तिला जागं करायची. यंत्र म्हणालं, बारा. श्रेणिकनं आकडा टिपला, खाली तारीख घातली. खाटेशेजारी बसून बहिणीला त्यानं खालच्या आवाजात सांगितलं, की त्याच्या प्रबंधाच्या अर्पणपत्रिकेवर या मुलीचं नाव घालणार आहे.

"नाव अजून ठेवलेलं नाही," चंदना म्हणाली.

"मग लवकर ठेव. छापायला द्यायचंय."

दोघं हसली. त्या दोघांना तसं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा फाटकापाशीच आवाज ऐकू आला. मांजराचं पिल्लू कुठंतरी अडकलंय असं वाटलं. आत गेले. चंदनाच्या हातात मुलगी होती आणि ती मागे वाकत होती. मान आणि पाठ धनुष्यासारखी ताणलेली, मुठी आवळलेल्या, आणि तोंडातून तो बारीक, लांब, चिरका आवाज.

"दूध घेत नाहीये," चंदना म्हणाली. "सकाळपासून काहीच नाही घेतलं वहिनी."

श्रेणिक गुडघ्यांवर बसून तिच्या कपाळाला नळी टेकवत होता. कपाळ, छाती, परत कपाळ. "तेरा," तो म्हणाला. "तेराच आहे. हे दुसरं काहीतरी आहे. कावीळ नाही ही."

भरतेशरावांनी खाली वाकून चंदनाच्या हातातून मुलगी घेतली. वायर ताणली गेली, लॅपटॉप टेबलावरून घसरला. तो कुणी उचलला नाही. ते दाराबाहेर पडले आणि गाडीत जाऊन बसले. मग आम्ही सगळे पळालो.

मिरजेच्या दवाखान्यात त्यांनी तिला आत घेतलं आणि आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. पाऊण एक तासानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, डॉ. कोरे. रक्ताचा आकडा त्यांनी उभ्याउभ्याच सांगितला, एकोणतीस.

श्रेणिक म्हणाला, "शक्य नाही."

"आईचा रक्तगट ओ, बाळाचा बी. अशा बाळांची कावीळ झपाट्यानं चढते. सगळं रक्त बदलावं लागेल, आत्ता. सही कोण करतंय?" भरतेशराव पुढे झाले. डॉक्टरीणबाई आमच्याकडे वळल्या. "एवढी पिवळी झालेली मुलगी. घरात चार मोठी माणसं. कुणालाच दिसलं नाही?"

सासूबाई रडायला लागल्या. "आम्हाला वाटलं हळद आहे हो."

"हळद नव्हती, आई," चंदना म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती श्रेणिककडे बघत होती. काहीतरी मदत होईल म्हणून सांगावं, तशी ती बोलत होती.

"मी हौसाबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नुसतं डाळीचं पीठ लावा, हळद नको. आई रागावेल म्हणून बोलले नाही. दादा फोनवर म्हणायचा ना, हळदीनं सगळी वाट लावलीय म्हणून. म्हटलं, निदान आपल्या घरचं बाळ तरी याला स्वच्छ मिळू दे."

डॉक्टरीणबाईंना त्यातलं काही समजलं नाही. त्या आत निघून गेल्या. सासूबाई हौसाबाईंच्या नावानं काहीतरी पुटपुटल्या. मी श्रेणिककडे बघितलं. त्याचे ओठ हलत होते. तो बेरीज करत होता. यंत्रानं जी हळद नव्हतीच ती वजा केली होती, ती तो तेरात परत मिळवत होता.

उपाय सापडला तेव्हा त्यानं गोसावी सरांना सांगितलं, मला सांगितलं, दिल्लीत शंभर लोकांना सांगितलं. बहिणीला फोनवर सांगायचं राहून गेलं. रडगाणं गायला माणसाकडे जेवढा वेळ असतो, तेवढा बरं चाललंय हे सांगायला नसतो.

मुलगी वाचली. आठवड्यानं तिला आईच्या कुशीत दिली. मान धरायला लागेल, चालेलही, थोडं उशिरा, असं डॉक्टर म्हणाले. मग एका सकाळी तिच्या डोक्याला बारीक तारा चिकटवून कानाची तपासणी झाली. श्रेणिक काचेबाहेर उभा होता. पडद्यावरच्या रेघेकडे बघून त्याला आमच्याआधी कळलं. मला त्याच्या पाठीवरून कळलं.

मुलीला ऐकू येणार नाही, हे डॉ. कोरेंनी सांगितलं तेव्हा चंदना रडली नाही. ती व्हरांड्यात आली. मी चहाचा थर्मास घेऊन उभी होते आणि श्रेणिक खिडकीपाशी होता. भरतेशराव औषधं आणायला खाली गेले होते.

"दादा," ती म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"मी हळद बंद केली म्हणून तर नाही ना झालं हे?"

माझ्या आत काहीतरी लख्ख उघडं पडलं. तिला सगळं कळलं नव्हतं, पण वास लागला होता. आठवडाभर ती मुलीकडे बघत हेच उगाळत बसली असणार. आता तो सांगेल, मला वाटलं. सांगायलाच हवं. नीट सांगितलं तर ती समजून घेईल. चूक गणिताची आहे, न विचारणाऱ्याची आहे, तिची मुळीच नाही. हे मी शंभर मुलांच्या वर्गाला पटवून देऊ शकले असते. आणि तरी ती रोज मुलीला न्हाऊ घालताना हळदीचा डबा उघडणार होती.

"छे," श्रेणिक म्हणाला. "हळदीचा काय संबंध?"

"मग?"

"मशीन बिघडलं होतं."

"कधी?"

"आधीपासून." त्याचा आवाज अगदी साधा होता, बसची वेळ सांगावी तसा. "मागच्या महिन्यापासून चुकीचे आकडे येत होते. मला माहीत होतं."

चंदना त्याच्याकडे बघत राहिली. "माहीत होतं?"

"हो."

"माहीत होतं आणि तरी माझ्या पोरीला लावलंस?"

"मला आकडे हवे होते, चंदू. प्रबंध द्यायची मुदत आली होती."

"हे म्हणत होते रक्त बघूया. हे म्हणत होते, आणि तू..." तिनं हात उचलला. मला वाटलं मारणार. तिनं नुसता खांद्याला हात लावून त्याला बाजूला केलं, वाटेत आलेली खुर्ची सरकवावी तसं, आणि आत निघून गेली. दार लागलं.

"श्रेणिक," मी म्हटलं. घरातली माणसं आसपास असताना मी त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. "हे काय केलंस?"

"थर्मास नीट धर. सांडतोय."

"खोटं बोललास तू. मशीन बिघडलं नव्हतं. तुला काही माहीत नव्हतं."

"विचारायला हवं होतं. एक प्रश्न. मीच काढून टाकला होता तो."

"मग तेच सांग तिला!"

"तेच सांगितलं तर तिला पुढचं कळेल. हळद असती तर आकडा बरोबर आला असता. तिनं माझ्यासाठी बंद केली. माझ्यासाठी, जयमाला." तो खिडकीबाहेर बघत होता. खाली भरतेशराव औषधांची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होते. "माझ्यावर चिडलेली राहू दे. माणूस भावावर चिडून जगतो. स्वतःवर चिडून कसं जगणार? त्या पोरीला वाढवायचंय तिला."

"आणि तू?"

"मला कुठं कुणाला वाढवायचंय?" तो म्हणाला. तेव्हा आम्हाला मूल नव्हतं. नंतरही झालं नाही.

"मी सांगेन तिला."

"नाही सांगणार तू," तो म्हणाला, आणि मला माझ्या नवऱ्याचा त्या क्षणी अतोनात राग आला, कारण ते खरं होतं.

गोसावी सरांना मात्र त्यानं सगळं खरं सांगितलं. सर म्हणाले, हळदीचा थर काढून टाक, बाकीचा प्रबंध उभा राहतो. श्रेणिकनं प्रबंध मागे घेतला आणि हे यंत्र कुठल्याही बाळाला लावू नये, का लावू नये, असं चार पानं लिहून सरांच्या टेबलावर ठेवलं. हळद कुणाच्या घरी नव्हती, ते त्यात लिहिलं नव्हतं. आता तो बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. प्रकाशाचा धडा आला की दुसऱ्या मास्तरांना बोलावतो आणि बदल्यात त्यांचे चुंबकत्वाचे तास घेतो.

चंदना सांगलीला येत राहिली, आईसाठी. येण्याआधी मला फोन करायची, "वहिनी, तो घरी नाही ना?" तो नसायचा. तिची गाडी कोपऱ्यावर दिसायच्या आत तो चपला घालून वाचनालयात गेलेला असायचा. भाऊबिजेला सासूबाई दोन ताटं करायच्या, एक दुपारी एक संध्याकाळी, आणि कुणाच्याच ताटात ओवाळणी नसायची. माझ्याशी चंदना चांगली वागायची. पण एकदा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "तुम्ही इतक्या हिशेबी, वहिनी. अशा माणसाबरोबर राहता कशा, हे मला काही कळत नाही." मी म्हटलं, "सवय झाली." तिनं माझ्याकडे बघितलं, आणि त्यानंतर मला ती मनातलं काही सांगेनाशी झाली. सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांची दोन मुलं एकाच खोलीत, दोन भिंतींना टेकून बसली होती. मधे मी.

मुलीचं नाव समता ठेवलं. कोल्हापूरला मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत शिकली, ओठ वाचते, सुंदर चित्रं काढते, आणि माझ्याशी मोबाईलवर लिहून गप्पा मारते. आईसारखीच टवाळ आहे. मागच्या वर्षी तिला एकोणीस वर्षं पूर्ण झाली, तेव्हा तिनं लिहिलं, "मामी, मामा खरंच वाईट आहे का? मला एकदा भेटायचंय त्याला. आईला सांगू नका."

मी फोन श्रेणिकच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला, वाचलं, परत वाचलं.

"छान लिहिते," तो म्हणाला.

"रविवारी बोलवू?"

अंगठ्यानं तो फोनचा पडदा उजळवत राहिला, विझला की परत.

"नको."

"एवढ्या वर्षांनी पोर आपणहून विचारतेय, श्रेणिक."

"म्हणूनच. समोर बसली की ती विचारणार, का केलंस. चंदूशी बोललो तसं मला तिच्याशी बोलता येणार नाही. आणि हिला खरं सांगितलं की ते चंदूपर्यंत जायला कितीसा वेळ लागणार?"

मी फोन घेतला. दोनदा लिहून पुसलं. शेवटी लिहिलं, "आत्ता नको, बाळा."

तिकडून उत्तर आलं, "बरं."

इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्या दुपारचं ज्यानं-त्यानं आपापलं भरून टाकलंय. श्रेणिकनं काम दिलं, बहीण दिली. चंदनाचा भाऊ गेला, आणि तिच्यासाठी गेला हे तिला कधी कळायचं नाही. चंदना माझी जिवाची मैत्रीण होती, ती मैत्री राहिली नाही. सासूबाईंना शेवटपर्यंत दोन ताटं करावी लागली. भरतेशरावांनी तर एका शब्दानं कधी म्हटलं नाही, की मी सांगत होतो.

पण त्या ‘बरं’कडे बघताना मला पान बंद करता येईना. जिनं आमच्यापैकी कुणाचं काहीच घेतलेलं नव्हतं, त्या पोरीकडून आम्ही आधी तिचे कान घेतले होते, आणि आता मामाही घेतला. तिनं तो दिला. कशाबद्दल, हेसुद्धा विचारलं नाही.